हरिपूरच्या पेवाची मूठ

आषाढातल्या एका मंगळवारी श्रीपाल मगदूमचा हळदीचा कंटेनर बंदरातून माघारी फिरला. कारण एवढंच दिलं होतं: ‘मालावर काळ्या यादीतील पक्षाचा ठसा. स्थळ हरिपूर, पेव क्रमांक तीन. साम्य सत्त्याण्णव टक्के.’

श्रीपालनं ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि टेबलावरचा गार झालेला चहा एका घोटात संपवला. सांगलीजवळच्या हरिपूरचं तीन नंबरचं पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार, त्याला चांगलंच माहीत होतं. सात वर्षांचा असताना आप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, त्याला कमरेला दोर बांधून त्या पेवात उतरवलं होतं. वर दोर धरून उभी होती ती राजमती अक्का, त्याची थोरली बहीण. पुढं आप्पांनी धंदा मुलाला दिला आणि पेवं मुलीला. जमीन मात्र दोघांच्या नावावर ठेवली, म्हणजे भांडायचं झालं तरी एकत्र बसावं लागेल. दोघं कधी भांडली नाहीत. पण अक्का चैत्रापासून काळ्या यादीत होती, आणि आता श्रीपालचा पाय त्याच यादीच्या उंबऱ्यावर होता.

लढाई दोन समुद्रांपलीकडे चालली होती. एका बाजूच्या देशांकडे जहाजं होती, दुसऱ्या बाजूकडे डोंगर आणि रेल्वे. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची खरी नावं उच्चारताना जिभेला गाठी पडायच्या, म्हणून लोकांनी दर्यावाले आणि डोंगरवाले अशी सोपी वाटणी करून टाकली होती. आपला देश कुणाच्याच बाजूचा नव्हता. पण जहाजं दर्यावाल्यांची, जहाजांचे विमे दर्यावाल्यांचे, आणि म्हणून यादीही दर्यावाल्यांची. जो डोंगरवाल्यांना माल पुरवेल तो यादीत, आणि यादीतल्याशी जो व्यवहार करील तोही यादीत. एकदा नाव चढलं की जगातलं कुठलंही जहाज तुमचं पोतं उचलत नसे. सांगलीत बसून माणूस वाळीत पडायचा, आणि वाळीत टाकणाऱ्यानं सांगली नकाशावरसुद्धा पाहिलेली नसायची.

आता लढाईत हळदीचं काय काम, असं कुणीही विचारील. गेल्या दहा-बारा वर्षांत जखमांवरची जुनी औषधं एकामागून एक निकामी झाली होती. जंतू त्यांना सरावले होते. तेव्हा कुणीतरी हळदीच्या अर्कात भिजवलेली पट्टी काढली आणि ती लागू पडली. आज्या जे करत होत्या तेच पांढरा कोट घालून झालं, एवढंच. पण दोन्हीकडचे सैनिक आता हळदपट्टी खिशात घेऊन फिरत, आणि बारुदीइतकीच हळद युद्धसामग्रीत मोडू लागली.

राहिला प्रश्न ठशाचा. ते यंत्र बंदरावर बसलं होतं आणि त्याचं अधिकृत नाव दीड ओळीचं होतं. यार्डात त्याला हुंग्या म्हणत. प्रत्येक जागेच्या धुळीत तिथले तिथले सूक्ष्म जीव नांदत असतात. या गोदामातले वेगळे, त्या गोदामातले वेगळे. माल चार दिवस जरी एका जागी राहिला, तरी त्या जागेची थोडी वस्ती मालाबरोबर निघते. हुंग्या चिमूटभर धूळ घ्यायचा, तिच्यातल्या जिवांची जनुकं वाचायचा आणि अकरा मिनिटांत सांगायचा, की हा माल कुठंकुठं राहून आला. कागद बदलता येतात, पोती बदलता येतात. धूळ बदलता येत नाही. डोंगरवाल्यांच्या पकडलेल्या पट्ट्यांत असाच एक ठसा सापडला आणि त्याचा माग काढत निरीक्षक थेट हरिपूरला, अक्काच्या अंगणात येऊन उभे राहिले होते. अक्कानं ज्याला हळद विकली तो भला माणूस होता. त्यानं कुणाला विकली आणि तिथून ती कुठं गेली, हे अक्काला माहीत नव्हतं. यादीला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

श्रीपालनं स्कूटर काढली आणि तो हरिपूरला गेला.

अक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. चौसष्टाव्या वर्षीही तिला गॅसवरची भाकरी पटत नसे. तिची मुलगी त्रिशला शेजारी जेवत होती. ती हळद संशोधन केंद्रात सूक्ष्मजीवांवर काम करायची.

“ये. तोंड का सुकलंय? जेवला नाहीस?” अक्का म्हणाली.

“अक्का, माझा कंटेनर परत आला.”

“आलाय ना परत? मग पळून तर गेला नाही. आधी जेव.”

जेवता जेवता त्यानं सगळं सांगितलं. त्रिशलानं भाकरीचा तुकडा हातातच ठेवला.

“मामा, तू खरंच आईकडून काही नेलं नाहीस?”

“फॉर्मवर लिहून दिलंय. यादीतील पक्षाकडून कोणताही माल घेतला आहे का? नाही. चैत्रापासून एक पोतं नाही, एक पुडी नाही.”

अक्काचा थापणारा हात थांबला. “आणि मूठ?”

श्रीपालचा घास तोंडातच राहिला.

ही मूठ काय ते सांगायला हवं. कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत न घेणाऱ्या या जैन घरानं तीन पिढ्या जमिनीतल्या कंदावरच पोट भरलं होतं, आणि त्याबद्दलची थोडी टोचणी आप्पांच्या मनात असावी. अक्षय्य तृतीया हा दानाचा दिवस. त्या दिवशी आप्पा पेवाचं तोंड उघडत, आत कंदील सोडून हवा चांगली आहे का बघत, आणि तळातली एक मूठ हळद काढून कुणाला तरी फुकट देत. घेणारा ती आपल्या वर्षाच्या पहिल्या पोत्यात मिसळायचा. माल किडत नाही, असं लोक म्हणत. आप्पांच्या मागं अक्का ती मूठ देऊ लागली. पहिली मूठ श्रीपालची असायची. यंदाही त्यानं ती नेली होती, पहिल्या पोत्यात टाकली होती, हात जोडले होते आणि विसरून गेला होता.

“मूठ म्हणजे काय माल झाला का?” तो म्हणाला. हे तो स्वतःला वाचवायला म्हणत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. आईनं दह्याला लावायला दिलेल्या विरजणाला कुणी दूधखरेदी म्हणत नाही.

“विरजणच आहे ते,” त्रिशला म्हणाली. “मी तपासलंय. पेवाच्या तळातल्या मातीत एक जीव आहे, तो दुसरीकडं कुठं मिळत नाही. किडीला तो टिकू देत नाही. एक मूठ टाकली की महिनाभरात सगळ्या गोदामात पसरतो. आजोबांना नाव माहीत नव्हतं त्याचं, पण काम माहीत होतं. हुंग्याला वाटतंय, तुझा सगळा कंटेनर आईच्या पेवातून आलाय.” मग ती आईकडे वळली. “आई, तू किती जणांना मूठ देतेस?”

“जो मागेल त्याला.”

“म्हणजे किती?”

“तीस वर्षं झाली. वसमतचे येतात, निजामाबादचे येतात. दान काय मोजायचं असतं का?”

त्रिशलानं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. तिच्या डोक्यात काहीतरी चक्र सुरू झालं होतं.

कंटेनरबरोबर आलेली नोटीस श्रीपालनं पुढं केली. सुनावणी तीन आठवड्यांनी होती. तोवरच्या अटी नोटिशीत होत्या. यादीतील पक्षाशी भेट नाही, बोलणं नाही, फोन नाही. सुनावणीला येणाऱ्याचे कपडेही हुंग्यापुढून जातील. आणि सुटका हवी असेल तर संबंधविच्छेदाच्या कागदावर सही करायची. त्यात दोन कलमं होती: यापुढं यादीतील पक्षाशी, नात्यासह, कुठलाही संबंध राहणार नाही, आणि तीन नंबरचं पेव सिमेंट ओतून कायमचं बुजवलं जाईल. जमीन दोघांची, म्हणून सह्या दोघांच्या.

अक्कानं नोटीस वाचून घेतली आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“ऊठ. हात धू आणि जा. आजपासून इकडं फिरकायचं नाही.”

“अक्का, जरा दम धर की.”

“तुझ्याकडं बेचाळीस बायका हळद निवडतात. त्यांच्या घरी चुली आहेत. जा म्हणते ना.”

तिनं त्याला डबाही दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या घरातून रिकाम्या हातानं निघाला.

पुढचे एकवीस दिवस श्रीपालनं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. तीस वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. दर रविवारी तो अक्काकडं जेवायचा, ती त्याच्या तब्येतीला, कपड्यांना आणि अकलेला नावं ठेवायची, आणि पोटभर शिव्या खाऊन तो आठवडाभर खुशीत राहायचा. आता रविवारी बायकोनं चांगलंचुंगलं करून वाढलं तरी त्याला ते गोडधोड वाटायचं, जेवण वाटायचं नाही. बायको समजूतदार होती. तिनं मनाला लावून घेतलं नाही.

एकदा जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, त्याला अक्का दिसली. बायकांच्या बाजूला, खांबाजवळ. दोघांमध्ये वीस हात अंतर होतं. तो बघत राहिला. तिनं त्याच्याकडं बघितलं, कपाळाला आठी घातली आणि आपल्या गळ्यापाशी दोनदा बोट लावलं. श्रीपालनं खाली पाहिलं. सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली होती. त्यानं ती तिथंच नीट लावली. वर पाहिलं तेव्हा अक्का निघून गेली होती. देवासमोर उभं राहून छप्पन्न वर्षांचा माणूस रडला, आणि शेजारच्यांना वाटलं, भक्ती दाटून आली.

त्याच आठवड्यात कागद आले. संबंधविच्छेदाच्या कागदावर खाली डावीकडे अक्काची सही आधीच होती. ठसठशीत, एकेक अक्षर सुटं. ती त्याच्यापेक्षा हट्टी होती हे त्याला माहीत होतं, पण हा हट्ट त्याच्यासाठी होता आणि तो त्याला सोसवत नव्हता.

गोदामात काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलं होतं. निवडणाऱ्या बायकांची मुकादम तारूबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिला सगळं कळलेलं होतं.

“तुम्ही काय म्हणता, तारूबाई?” त्यानं विचारलं.

“मालक, सही करू नका म्हणायला पोट आडवं येतंय, आन् करा म्हणायला जीभ वळंना. मी काय सांगू?”

श्रीपालला या उत्तराचा राग आला नाही. त्याची स्वतःची अवस्था हीच होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी त्रिशला त्याच्या कचेरीत आली. ती केंद्राच्या वसतिगृहात राहायची, यादीत नव्हती, पण तरी तिनं दारातच उभं राहून बोलणं पसंत केलं. तिनं एक सीलबंद पुडी पुढं केली.

“मामा, अपील करणाऱ्याला तुलनेसाठी एक नमुना वाचून घ्यायचा हक्क असतो. ही वसमतच्या एका व्यापाऱ्याची हळद आहे. तो आईकडून मूठ नेतो. त्याच्या मालातही हाच ठसा निघेल. मग सिद्ध होईल, की ठसा म्हणजे व्यापार नव्हे.”

“आणि तो वसमतचा?”

त्रिशलानं खाली पाहिलं. “त्याचं नाव चढू शकतं. पण तू सुटशील.”

श्रीपालनं पुडी खिशात घातली.

बंदरावरची तपासणीची खोली थंडगार होती. समोर बसलेल्या निरीक्षक बाई वसईच्या निघाल्या, फिलोमिना लोपीस नावाच्या. नोकरी दर्यावाल्यांनी नेमलेल्या कंपनीची, पण बोलणं घरगुती होतं. श्रीपालचे कपडे हुंग्यापुढून गेले. नोटिशीनंतर गोदामही धुऊन काढलं होतं, त्यामुळं हरिपूरचा ठसा चार टक्क्यांवर आला होता.

“छान पाळलंत तुम्ही,” त्या म्हणाल्या.

चार टक्के. एकवीस दिवसांत अक्का त्याच्या अंगावरून एवढी पुसली गेली होती, आणि ही बाई त्याला शाबासकी देत होती. श्रीपालला पहिल्यांदा खरा राग आला. कुणाचा ते त्याला सांगता आलं नसतं.

“सही करणार, की नमुना वाचून घेणार?” बाईंनी विचारलं. “एकच नमुना मिळेल. आणि वाचन झालं की ते आपोआप वर जातं, मला थांबवता येत नाही. हे आधी सांगितलेलं बरं.”

श्रीपालनं खिशात हात घातला. पुडी बोटांना लागली. वसमतच्या त्या माणसाला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पण अक्षय्य तृतीयेला तोही हात पसरून अक्कासमोर उभा राहिला असणार, आणि अक्कानं त्यालाही म्हटलं असणार, आधी जेव. श्रीपालनं हात रिकामाच बाहेर काढला.

सहीसाठी बाईंनी कागद पुढं सरकवला. त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती. फिकट पिवळी.

“काय झालं बोटाला?” श्रीपालनं सवयीनं विचारलं.

“कंटेनरच्या सीलची तार लागली. काही विशेष नाही.”

“पट्टी कुठली?”

“आमच्या पेटीतली. सैन्याच्या पुरवठ्यातून येते.” त्यांनी भिंतीकडे हात केला. प्रथमोपचाराची पेटी होती, तिच्यावर दर्यावाल्यांच्या वैद्यकीय पथकाचं चिन्ह.

अक्का तीस वर्षं जो मागेल त्याला मूठ देत होती, हे श्रीपालला आठवलं. त्यानं पेन खाली ठेवलं.

“बाई, माझा नमुना तिथं आहे. त्या पेटीतली एक न फोडलेली पट्टी वाचा.”

लोपीसबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग पेटीकडं. “तुम्हाला कळतंय ना, काय मागताय?”

“नियमात बसत नसेल तर सांगा. मी सही करतो.”

बाईंनी नियम उघडला. अपीलकर्ता सुचवील तो कोणताही एक नमुना, असं लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्यानं आपल्याच पेटीचा विचार केलेला नव्हता. बाईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग उठल्या, पेटीतून नवी पट्टी काढली आणि हुंग्याच्या तोंडाशी धरली.

अकरा मिनिटं गेली. मग पडद्यावर अक्षरं आली: ‘मालावर काळ्या यादीतील पक्षाचा ठसा. स्थळ हरिपूर, पेव क्रमांक तीन. साम्य एक्याण्णव टक्के. मालधारकाचे नाव यादीत समाविष्ट करण्याची शिफारस.’ मालधारक म्हणून दर्यावाल्यांच्या वैद्यकीय पथकाचं नाव होतं. खाली हिरवा दिवा लागला. वाचन वर गेलं.

लोपीसबाईंनी आपल्या अंगठ्याकडं पाहिलं.

“जखम मात्र चांगली भरतेय,” त्या म्हणाल्या.

नऊ दिवसांनी परिपत्रक आलं. स्वतःच्या दवाखान्यांना वाळीत टाकणं दर्यावाल्यांना परवडणारं नव्हतं. हळदीच्या बाबतीत धुळीचा ठसा पुरावा म्हणून धरला जाणार नाही, असं त्यात मोघम शब्दांत म्हटलं होतं. श्रीपालचा कंटेनर सुटला. तारूबाईच्या बायका पुन्हा सहाही दिवस कामाला येऊ लागल्या. पेवावर सिमेंट पडलं नाही, कारण त्या कागदावर एकच सही राहिली. अक्काचं नाव मात्र यादीत तसंच राहिलं, ‘पुढील आदेशापर्यंत’. तिची हळद डोंगरवाल्यांकडं पोचली होती हे खरंच होतं, आणि यादी एकदा चढवलेलं नाव सहसा उतरवत नसे.

त्या रविवारी श्रीपाल जेवायला गेला. पट्टीची हकिकत त्यानं दोनदा सांगितली. अक्कानं दोनदा ऐकली.

“म्हणजे दोन्हीकडच्या पोरांच्या जखमांना आप्पांचीच हळद लागतीय,” ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. “लढायला काय झालंय मेल्यांना.” मग तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं आणि वाळलास म्हणून त्याला चांगलं झोडपलं. श्रीपालला फार दिवसांनी भूक लागली.

लढाई संपली नाही. वर्ष फिरून आलं. अक्षय्य तृतीयेला तीन नंबरचं पेव उघडलं, कंदील आत सोडला, ज्योत शांत जळत राहिली. तळातली हळद घेऊन अक्का वर आली. माणसं यंदा नेहमीपेक्षा कमी होती. परिपत्रक निघालं होतं, पण धास्ती गेली नव्हती. वसमतचे कुणी आलेच नाहीत. 

श्रीपाल पेवाच्या कडेला मोबाईल घेऊन बसला होता. नव्या वर्षाचा फॉर्म भरायचा होता. धुळीचा पुरावा रद्द झाला तरी फॉर्मवरचा प्रश्न तसाच होता: ‘यादीतील पक्षाकडून कोणताही माल घेतला आहे का?’

“काय लिहितोस?” अक्कानं विचारलं.

“होय.”

“खुळा आहेस का? आता हुंग्या काही बोलणार नाही. नाही लिही आणि मोकळा हो.”

“गेल्या वर्षी नाही लिहिलं, तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. आता माहीत आहे.”

“नाव चढलं म्हणजे?”

“तुझ्या नावाखालीच चढेल की. आणि तारूबाईला विचारून आलोय. ती म्हणाली, लिहा, आता जीभ वळली.” श्रीपालनं मोबाईल तिच्यापुढं धरला. “हे बघ, इथं परिमाण विचारलंय. टन आणि किलो एवढंच आहे. म्हणून शेऱ्यात लिहिलंय: एक मूठ, दान म्हणून, थोरल्या बहिणीकडून. दरवर्षी.”

अक्का ते वाचत राहिली. चष्मा नव्हता, म्हणून तिनं मोबाईल लांब धरून वाचलं. बराच वेळ तिला नावं ठेवायला काही सापडलं नाही. मग तिनं मोबाईल शेजारच्या दगडावर ठेवला.

“हात पुढं कर.”

त्यानं दोन्ही हातांची ओंजळ केली. अक्कानं मूठ भरून हळद घातली. नेहमीपेक्षा ती मोठी होती. बोटांच्या फटीतून हळद सांडू लागली, तशी त्यानं ओंजळ घट्ट केली. दगडावर फॉर्म उघडाच होता, आणि खाली ‘पाठवा’ असं बटण.

“आता ते कसं दाबणार?” अक्का म्हणाली.

“माझे हात भरलेत, अक्का.”

अक्कानं एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग ती वाकली आणि पिवळ्या बोटानं तिनं बटण दाबलं.